काढती पेटी

नाशिकमध्ये सिग्नलला उभं राहून तुम्ही पुढच्या गाडीच्या काचेवर जे वाचता, त्यातलं बरंचसं माझ्या हातचं आहे. 'बळीराजा', 'आईसाहेब', 'नाद नाय करायचा', सगळं. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत माझं रेडियमचं दुकान आहे. या धंद्यात बाई नसते, म्हणून नवं गिऱ्हाईक अजूनही आत डोकावून विचारतं, मालक कुठे गेले? मी म्हणते, मालक समोरच उभी आहे, दिसत नसेल तर आधी चष्मा करून घ्या आणि मग गाडी चालवा. माझं तोंड असं आहे. नाना म्हणायचे, ताई, तुम्हाला रेडियम कापायला वेगळं ब्लेड कशाला लागतं?

नाना म्हणजे माझ्या शेजारच्या गाळ्यातले साउंडवाले. नावं मी बदलली आहेत, आणि गाव सायखेड्याच्या आसपासचं एवढंच सांगेन. ती माणसं अजून तिथे राहतात.

नाना मूळचे सुतार. दारं-खिडक्या करता करता कोणीतरी त्यांच्याकडून स्पीकरची पेटी करून घेतली, आणि ते त्या पेट्यांतच अडकले ते कायमचे. उंच, जरासे वाकलेले, बारा महिने अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. बोटांवर चिकटवायच्या सोल्युशनचा थर असायचा, आणि विचारात पडले की तो थर सोलत बसायचे. दुकानात दिवसभर छातीत धडधडेल असं काहीतरी वाजत असायचं आणि हा माणूस बोलायचा इतकं हळू की समोरच्याला वाकावं लागे. मी चिडायचे. आमची भिंत एक. तिकडे वाजलं की इकडे माझा हात हलतो आणि 'आई'चा काना वाकडा होतो. मी भांडायला गेले की ते आधी गाणं बंद करत, मग तसंच हळू विचारत, काय म्हणालात? तोवर माझा राग निम्मा उतरलेला असायचा. मोठ्यानं बोललं की लोक आवाज आणखी वाढवतात, असं त्यांचं म्हणणं.

गिऱ्हाईक बहुतेक पोरं. लायसन्स नुकतंच हातात पडलेलं, बापानं कुठूनतरी जुनी गाडी घेऊन दिलेली, आणि डोक्यात एकच खूळ, की डिक्कीतून असा आवाज आला पाहिजे की गल्लीतली शटरं वाजली पाहिजेत. आल्या आल्या वॅट विचारायची. नाना वॅटचं उत्तर द्यायचेच नाहीत. ते विचारायचे, "तुमच्या घरात सगळ्यात कमी कोण बोलतं?" पोरगं बावचळायचं. एकानं सांगितलं, मीच. नाना म्हणाले, मग तुला वूफर कशाला, आधी तोंड उघड की. पण बहुतेकांचं उत्तर एकच असायचं. आई.

मग तिला घेऊन ये, असं नाना सांगायचे. वूफर, म्हणजे धडधड काढणारा मोठा स्पीकर, डिक्कीत बसतो, डिक्कीला लागून मागची सीट, आणि मागच्या सीटवर घरातलं कोण बसतं? पुढे बाप बसतो नाहीतर मित्र. धक्का सगळा आईच्या पाठीला. तेव्हा पसंतीही तिचीच. "आवाज कानाला नाही विचारायचा, पाठीला विचारायचा." गल्लीत हे दृश्य नेहमीचं झालं होतं. आई मांडीवर पर्स धरून मागे ताठ बसलेली, पोरगं नखं खात उभं, आणि नाना डिक्कीवर तळवा टेकवून, डोळे मिटून. आम्ही सगळे चेष्टा करायचो. चहावाला ओरडून विचारायचा, काय नाना, लागला का पाठीचा निकाल? नाना हसायचे, पण त्या बाईनं मान हलवल्याशिवाय वायर जोडायचे नाहीत.

तेजस असाच आला. बांबूसारखा उंच, लाजाळू, आईच्या मागे मागे चालणारा. सोबत बाप, भाऊसाहेब. द्राक्षाची बाग होती त्यांची. गाडी जुनी, छोटी, पण पोरानं पुसून पुसून आरशासारखी केलेली. त्याला मोठ्या पेटीतला बारा इंची वूफर हवा होता. भाऊसाहेबांना तो नको होता, कारण पेटी बसली की डिक्की गेली. गाडी नावाला कॉलेजची, बाकी सगळं काम शेतीचं. क्रेट, औषधाचे ड्रम, बागेत मजुरांचं जेवण, सगळं त्याच डिक्कीतून जायचं. पेटी बसवल्यावर क्रेट काय डोक्यावर न्यायचे का, असं ते पोराला विचारत होते आणि पोरगं जमिनीकडे बघत होतं.

मंदाबाई, तेजसची आई, मागच्या सीटवर बसल्या होत्या. मी तेव्हा काचेचं माप घेत होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. नानांनी आधी सीटखाली सरकतो तो चपटा वूफर लावून दाखवला. त्यानं डिक्की मोकळी राहते. भाऊसाहेब खूश. मंदाबाईंनी विचारलं, वाजलं का काही? मग नानांनी नळकांड्यासारखी बेस ट्यूब लावली. त्या म्हणाल्या, रिकामा डबा वाजतोय. शेवटी बारा इंचीची पेटी. पहिल्या ठोक्याला त्या दचकल्या, पुढची सीट धरली. मग हळूहळू मागे रेलल्या आणि डोळे मिटले. ज्यांनी द्राक्षाच्या बागेत काम केलंय त्यांना कळेल. दिवस दिवस मान वर करून घड विरळायचे, हात डोक्याच्या वर. पाठीचं लाकूड होतं.

नानांनी आवाज कमी केला आणि वाकून विचारलं, काय वाटतंय?

"पाठ शेकती हो माझी," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे बघून, "घ्या हाच. पोराचंबी होईल आन् माझंबी."

तेवढ्या वेळात त्या पहिल्यांदाच एवढं बोलल्या असतील. भाऊसाहेबांचा विरोध तिथंच संपला. पण डिक्कीचं काय? नाना स्टुलावर बसून बोटं सोलायला लागले. वूफरची पेटी जड असते. तिला डिक्कीच्या पत्र्याला भोकं पाडून बोल्टनं आवळतात, मग ती तिथून हलत नाही. नानांनी ती आवळलीच नाही. पेटीला दोन बाजूंना मुठी बसवल्या, वायरीला ओढून निघेल अशी पिन लावली, आणि पेटीवरून जाड नायलॉनचा पट्टा घेऊन तो खालच्या कडीत अडकवला. क्रेट न्यायचे असले की पट्टा सोडायचा, पिन ओढायची, पेटी उचलून ओसरीवर ठेवायची. संध्याकाळी परत आत. सुतारकीचा हात होता तो. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. "गाडी पोराची, डिक्की बापाची, सीट आईची," म्हणाले. "तिघांचंही भागलं."

मागच्या काचेवर तेजसनं 'आईसाहेब' लिहून घेतलं. मंदाबाई लाजून म्हणाल्या, साहेब कुठली, हात बघा माझे. मी अक्षर जरा मोठंच कापलं.

त्या काढत्या पेटीनं नानांचं नाव झालं. निफाड, विंचूर, कुठून कुठून लोक यायला लागले. ज्या घरात गाडी एकच आणि शेती सोबत, त्या प्रत्येक घरात हे भांडण होतं, आणि नानांकडे त्याचं औषध होतं. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, त्या हंगामात पहिल्यांदा गल्लीत सगळ्यांना पेढे वाटले. मी म्हटलं, कशाचे? तर म्हणाल्या, आमच्या ह्यांना लोक नावानं शोधत येतात म्हणून.

पुढच्या वर्षी द्राक्षं संपता संपता तेजसची गाडी आमच्या गल्लीत परत आली. शेवटच्या गाळ्यात गाडीचा पत्रा ठोकणारा डेंटर आहे, त्याच्या दारात लावलेली. मी माझं अक्षर ओळखलं. पुढचा बंपर किंचित दबलेला, बाकी गाडीला ओरखडा नाही. गाडी घेऊन आला होता भाऊसाहेबांचा चुलतभाऊ. मी सहज विचारलं, काय ठोकली का पोरानं? तो म्हणाला, वहिनी गेल्या.

निफाडहून घरी येताना समोरची उसाची ट्रॉली अचानक वळली. तेजसनं ब्रेक मारला. गाडी वेळेवर थांबली, ट्रॉलीला नुसती टेकली. भाऊसाहेब पुढे बसले होते, त्यांना काही झालं नाही. तेजसला काही झालं नाही. मागे मंदाबाई. मानेला हिसका बसला, असं सगळे धरून चालले होते. लोकांनी त्यांना बाहेर काढलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चुलतभाऊ म्हणाला, पोरगं जेवत नाही, पाणीसुद्धा जबरदस्तीनं पाजावं लागतं. एकच बोलतं, मी ब्रेक मारला आन् आई गेली. दारात गाडी दिसली की उठून तिच्यात जाऊन बसतं, म्हणून इथं आणून लावली.

मी नानांना हाक मारली. नाना आले, काही न विचारता डिक्की उघडली. पेटी तिरकी पडली होती. मागच्या सीटची पाठ खटक्यातून निघून पुढे कलली होती आणि फोममध्ये पेटीच्या कोपऱ्याचा खड्डा होता, बरोबर बसलेल्या माणसाच्या मानेच्या उंचीवर. काय झालं असणार ते माझ्याही लक्षात आलं.  नाना पट्टा शोधायला लागले. तो तुटलेला नव्हता. जॅक ठेवायच्या कप्प्यात होता, नीट गुंडाळून, वर रबर लावलेला. क्रेट भरताना कोणीतरी काढला होता आणि पेटी परत ठेवली तेव्हा लावला नव्हता. क्रेटची काळजी त्या घरात कोणाला होती, ते मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं.

मी म्हटलं, नाना, हे भाऊसाहेबांचं काम. तुम्ही पट्टा दिला होता. तुमच्यावर काही येत नाही.

नानांनी पट्टा खिशात घातला. "काढता येतो तो पट्टा माणूस काढणारच, ताई," ते म्हणाले. "मी काढता ठेवला."

दहाव्याला आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर गेलो. मला जायचं नव्हतं, खरं सांगते. पण त्या माणसाला एकटं सोडवेना. गोदावरीच्या काठाला मांडव, गाड्याच गाड्या, पांढऱ्या टोप्या. कावळ्यानं अजिबात वेळ घेतला नाही, पिंड ठेवल्या ठेवल्या शिवून गेला. बायका म्हणाल्या, गुणाची बाई, मागे काही अडकलेलं नाही तिचं. तेजस बापाशेजारी बसला होता, डोकं भादरलेलं, गालाची हाडं वर आलेली. त्याला मी आधी ओळखलंच नाही.

आपल्याकडे दहाव्याला भाषणं होतात, ते तुम्हाला माहीत आहे. आधी प्रवचन, मग माइकवरून एकेक पुढारी श्रद्धांजली वाहतो. सरपंच झाले, सोसायटीचे चेअरमन झाले, कोणाचा तरी मेहुणा झाला. प्रत्येकानं सांगितलं की काळापुढे कोणाचं चालत नाही. माइक सारखा शिटी मारत होता. नाना उठले. मला वाटलं निघाले. ते सरळ माइककडे गेले, आधी बाजूच्या मशिनवरचं बटण जरासं मागे फिरवलं, शिटी थांबली, आणि मग बोलले. आयुष्यभर हळू बोलणारा माणूस, पण त्या दिवशी मांडवाच्या शेवटच्या रांगेला शब्द न् शब्द ऐकू गेला.

"मी नाशिकला गाडीत साउंड बसवतो. तेजसच्या गाडीतली पेटी मी बसवली. ती बोल्टनं आवळायची असते. मी आवळली नाही. पेटी मागून येऊन वहिनींच्या मानेला लागली, मी गाडी बघितली आहे. तेजसनं ब्रेक मारला तो बरोबर मारला. मारला नसता तर तिघंही गेले असते. त्याच्या हातून काही झालेलं नाही. माझ्या हातून झालं."

कोणाला काय करावं कळेना. निवेदकालाही नाही. त्यानं माइक घेतला आणि सवयीनं म्हणाला, नाशिकहून आलेल्या पाहुण्यांनी श्रद्धांजली अर्पण केली, यानंतर पतसंस्थेचे संचालक दोन शब्द बोलतील. आणि ते संचालक खरोखरच बोलायला उठले. मी तेजसकडे बघत होते. त्यानं मान वर केली होती. इतका वेळ कुठेच न बघणारे ते डोळे आता नानांवर होते, आणि त्यात जे होतं ते बघून मला भीती वाटली.

नाना पाण्याच्या कडेला चपला घालत होते, तेव्हा भाऊसाहेब मागून आले. एकटेच. मी दोन पावलांवर होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "नाना, पट्टा होता त्याला. मी काढला होता. क्रेट अडकत होते म्हणून."

नानांचा एक हात खिशात होता.

"पट्टा नव्हता भाऊसाहेब," नाना म्हणाले. "मी दिलाच नव्हता. तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या गाडीतला आठवत असेल."

भाऊसाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. आपल्याला काय दिलं जातंय हे त्या माणसाला कळत होतं, आणि ते घ्यावं की नाही हे कळत नव्हतं. मागे मांडवात तेजस होता. आईविना एक पोरगं, आणि आता बापाविनाही करायचं का त्याला? शेवटी ते म्हणाले, "असंल." आणि वळून गेले.

परत येताना पुलावर नानांनी स्कूटर थांबवायला लावली. तो पट्टा गुंडाळलेला होता तसाच नदीत टाकला आणि हात जोडले. मी स्कूटर चालू करून पुढे घेतली. घरी गेल्यावर रडले.

पुढचं सगळं तुम्हाला कल्पना करता येईल. 'नाशिकच्या साउंडवाल्यानं बाई मारली' हे निफाडपासून विंचूरपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पोलिसांनी बोलावलं, नानांनी तेच सांगितलं. भाऊसाहेबांनी तक्रार केली नाही. लोकांना ते मोठं मन वाटलं. जी माणसं नानांना नावानं शोधत यायची ती आता गल्लीच्या तोंडाशी दुसऱ्याकडे वळायला लागली. काकू भाजी आणायला गेल्या की बायका गप्प व्हायच्या. मी एकदा नानांना म्हटलं, निदान काकूंना तरी खरं सांगा. ते म्हणाले, खरं तेच सांगितलंय. त्यांच्याशी या विषयावर भांडता येत नसे. गाणं बंद करण्याचा डाव आता लागू पडत नव्हता, कारण गाणं बंदच असायचं.

एक दिवस तेजस आला. दुपारची वेळ, सोबत दोन मित्र, हातात गाडीच्या जॅकचा दांडा. मी कात्री घेऊन बाहेर आले तोवर नानांच्या दुकानातला नमुन्याचा फळा खाली आला होता. ज्यावर सगळे वूफर लावून ठेवलेले असत ना, तो. आठ इंची, दहा इंची, बारा इंची, सगळे. कागद फाटावेत तसे फाटत होते. शेवटी काउंटरची काच. नाना कोपऱ्यात हात जोडून उभे. पोरगं एक शब्द बोललं नाही. दमल्यावर दांडा टाकून निघून गेलं.

मी पोलिसांना फोन लावायला निघाले. नानांनी हातानंच नाही म्हटलं. ते खाली बसले, काचा गोळा करायला लागले, आणि मी आयुष्यात विसरणार नाही असं बोलले.

"जेवून आला होता, ताई. हातात जोर होता."

त्यानंतर नानांनी नवीन काम घेणं जवळजवळ सोडलं. त्यांना त्यांच्या काढत्या पेट्या हव्या होत्या. जेवढ्या बसवल्या तेवढ्या शोधायच्या आणि बोल्टनं आवळून टाकायच्या. पण कुठे लिहून ठेवलेलं असेल तर शपथ. त्यांना पेट्या आठवायच्या, प्लाय कुठला होता ते आठवायचं, माणसं आठवायची नाहीत. मला काचा आठवायच्या. पेटी नानांकडे आणि रेडियम माझ्याकडे, असंच गल्लीचं गणित होतं. तेव्हा दुकानाला सुट्टी असली की आम्ही दोघं एस.टी.नं निघायचो. नाना खांद्यावर ड्रिल आणि बोल्टांची पिशवी घेऊन, आणि मी काचा वाचत. बाजार समितीच्या आवारात लिलावाच्या दिवशी गाड्या लागतात. 'बळीराजा' दिसली की मी म्हणायचे, नाना, ही आपली.

लोकांना वाटतं असं काम कोणी फुकट करून दिलं तर माणसं पाया पडतील. छे. निम्मी माणसं डिक्की उघडायलाच तयार नसायची. पेटी आवळली तर क्रेट कुठे ठेवू, हाच प्रश्न. जो प्रश्न सोडवून नाना मोठे झाले होते, तोच आता प्रत्येक जण त्यांच्या तोंडावर मारत होता. नाना समजावायचे, मग पेटी काढून टाका, नाहीतर डिक्की सोडा, दोन्ही नाही जमायचं. कोणी ऐकायचं. कोणी म्हणायचं, आम्ही पट्टा लावतो की. त्यावर नाना विचारायचे, आत्ता लावलाय का? डिक्की उघडून बघितलं की पट्टा कधी कप्प्यात असायचा, कधी घरी खुंटीला. एका डिक्कीत त्या पट्ट्यानं चाऱ्याची पेंढी बांधलेली होती. नाना रागवायचे नाहीत. मी रागवायचे, दोघांच्या वाटचं.

जिथे कोणी ऐकतच नसे तिथे नाना शेवटचं एक करायचे. मागच्या सीटवरच्या बाईकडे जाऊन म्हणायचे, वहिनी, तुम्ही पुढे बसत जा. बाई हसायची नाहीतर नवऱ्याकडे बघायची. उठून पुढे बसलेली मी एकही बघितली नाही.

असं किती दिवस चाललं कोण जाणे. त्यांचा गुडघा गेला, मग दम लागायला लागला. काकूंनी शेवटी गाळा सोडायला लावला आणि दोघं मुलीकडे जळगावला गेले. तिथेच थंडीत नाना गेले. मला उशिरा कळलं. आता त्या गाळ्यात मोबाइलवाला आहे, दिवसभर शांतता असते आणि माझं एकही अक्षर हलत नाही.

मला ते दिसतात ते आमच्या शेवटच्या फेरीतले. निफाडच्या बाजारात, ऊन उतरलेलं. आम्ही एका गाडीची डिक्की उघडून घेतली होती. नाना तिच्यावर तळवा टेकवून दम खात होते. पलीकडे एक पिकअप लागली होती. पिकअपला मागे सीटच नसते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यातून तेजस उतरला. आम्हाला बघून जागीच थांबला, मग तरातरा आला. भरला होता चांगला, खांदे रुंद, दाढी आलेली.

"माझी आई खाऊन पोट भरलं नाय का तुझं?" तो म्हणाला. "अजून डिक्क्या हुंगत फिरतोस?"

नाना त्याच्या आजोबांच्या वयाचे. त्यांनी हात जोडले. आजूबाजूची माणसं बघायला लागली. आणि पिकअपच्या मागे, क्रेटांच्या रांगेपाशी, भाऊसाहेब होते. त्यांनी ऐकलं होतं. ते खाली बघत होते.

मला राहवेना.  पट्ट्याचं आता बोलतेच, म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं, तर नानांनी माझं मनगट धरलं. कधी कोणाला हात न लावणारा माणूस. पकड अशी की मला दुखलं. तेजस थुंकला आणि वळून परत क्रेट चढवायला लागला.

"बघा ना, ताई," नाना हळूच म्हणाले, नेहमीसारखं, की मला वाकावं लागलं. "दोन-दोन उचलतोय." आणि चेहरा, डिक्कीवर हात ठेवून एखादी पेटी मनासारखी लागली की व्हायचा तसा.

ते पोराकडे बघत होते. मी भाऊसाहेबांकडे बघत होते. चढवलेल्या क्रेटांवर ते दोर आवळत होते. गाठ मारून झाली होती, दोर ताणून बघून झाला होता, तरी ते गाठ पुन्हा सोडत होते आणि पुन्हा आवळत होते.